धन्याचा गोठा

आमच्या बेटावर झाड नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या ऑर्कनीच्या बाकी बेटांवरही फारशी नाहीत, पण आमच्याकडे तर कुत्र्याला तंगडी वर करायला खुंट मिळत नाही. घराला आढं हवं असलं की समुद्र एखादं फुटलेलं जहाज कधी किनाऱ्याला लावतो याची वाट बघत बसायचं. त्यामुळे फेब्रुवारीच्या वादळात हाऊगेट वस्तीवरच्या अँड्रो इंक्स्टरचं छप्पर उडालं तेव्हा हळहळ सगळ्यांनी केली, लाकूड मात्र कुणी दिलं नाही. द्यायला होतंच कुणाकडे?

वाऱ्यानं गोठ्याची भिंत आडवी केली आणि अंगणातली ओटच्या पेंढ्यांची गंजी उचलून थेट समुद्रात नेली. सकाळी अँड्रो कड्यावर उभा राहून आपली वैरण लाटांवर तरंगताना बघत होता. घराचा अर्धाच भाग उरला होता. त्यावर त्यानं होडीचं शीड ताणून बांधलं. शिडाखाली अँड्रो, त्याची बायको मेरन, म्हातारी आई ओस्ला आणि सात महिन्यांची इंगा. आणि फ्लेकी. फ्लेकी म्हणजे त्यांची एकुलती एक गाय, पांढऱ्या ठिपक्यांची, गाभण.

फ्लेकीवर काय अडलं होतं ते आधी सांगायला हवं. मेरनचं दूध नाताळाच्या सुमाराला आटलं होतं. तेव्हापासून पोर सातूच्या पाणचट पेजेवर होती आणि तिच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली होती. मेरनचा आधीचा मुलगा असाच गेला होता, मार्चमध्ये, गवत उगवायच्या आत. फ्लेकी मार्चच्या शेवटी व्यायची होती. ती व्याली की दूध येणार होतं. तोवर गाय जगली तर पोर जगणार, नाहीतर नाही. घरात हे कुणी बोलत नव्हतं, पण पोर रडली की सगळे आधी गायीकडे बघत.

शेजारचा रॉबी हार्कस येऊन बघून गेला. रॉबी मनानं चांगला, तोंडानं फटकळ. स्वयंपाकघरात चुलीशेजारी बांधलेली गाय बघून म्हणाला, "गाय माणसांत बांधलीत, आता माणसं कुठं बांधणार?"

"तुझ्याकडं बांध की," ओस्ला म्हणाली.

"माणसं बांधतो. ओस्लामावशी, तुम्ही आणि पोर चला माझ्याकडं. चुलीजवळ जागा आहे."

"आणि फ्लेकी?"

रॉबीनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मावशी, माझ्या गोठ्यात जनावरं एकमेकींना टेकून उभी आहेत. मधली एक काढली तर दोन्हीकडच्या पडतील."

तो खोटं बोलत नव्हता. त्या वर्षी उन्हाळा असा नुसता पावसात गेला की कुणाचंच धान्य भरलं नाही, आणि वैरण काळी पडली. सगळ्या बेटावर जनावरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत होती.

पण फ्लेकी स्वयंपाकघरात राहणं शक्य नव्हतं. शिडातून गळणाऱ्या पाण्यानं जमीन निसरडी झाली होती. एकदा तिचा मागचा पाय घसरला आणि ती पाळण्याच्या बाजूला अशी कलली की मेरननं पोर उचलली नसती तर तिथंच सगळं आटोपलं असतं. मेरन पोर छातीशी धरून भिंतीला टेकली आणि गायीला शिव्या द्यायला लागली. मग रडायला लागली. मग शेण काढायला लागली.

अँड्रोनं पहार उचलली.

"कुठं चाललास?" ओस्लानं विचारलं.

"लाकूड नाही तर फरशीचं छप्पर करतो. लांब फरश्या लागतील."

"लांब फरश्या कुठं आहेत?"

तो घराच्या मागच्या अंगाला वळला. लांब फरश्या एकाच ठिकाणी होत्या, घरामागच्या टेकाडात.

हे टेकाड म्हणजे गवताखाली झाकलेली दगडांची मोठी लांबट रास. त्यात धनी राहतो असं आमच्याकडं सगळे मानतात. देव नव्हे तो. चर्चमधला पाद्रीसुद्धा त्याबद्दल काही म्हणत नाही. ही जमीन ज्यानं पहिल्यांदा नांगरली तो म्हातारा, आत बसून आपल्या वस्तीवर लक्ष ठेवणारा, असं समजा. गाय व्याली की चिकाची पहिली धार टेकाडावर सोडायची. घरी सातूची दारू गाळली की पहिला पेला तिथं ओतायचा. आणि त्याचा दगड हलवायचा नाही. रॉबीच्या थोरल्या भावानं चुलीपुढं बसवायला त्यातली एक चांगली गुळगुळीत फरशी नेली होती. त्याच शरदात त्याची होडी परत आली, तो आला नाही. फरशी रॉबीनं स्वतः पाठीवर घालून टेकाडावर परत आणून टाकली. तेव्हापासून तो टेकाडाच्या सावलीतसुद्धा उभा राहत नसे.

"अँड्रो, हात लावू नकोस तिथं," ओस्ला दारातून ओरडली. "चिकाची धार सोडलीय मी तिथं पन्नास वर्षं!"

"मग पन्नास वर्षांचं काहीतरी परत देऊ दे त्याला!"

वाऱ्यात सटासट गारा येत होत्या. अँड्रोनं माथ्यावरची माती उपसली, दगड मोकळे केले आणि एका रुंद फरशीखाली पहार घातली. तिसऱ्या झटक्याला फरशी वर यायच्या ऐवजी खाली गेली. क्षणभरानं आतून धप्प असा आवाज आला. अँड्रो पालथा पडून भोकातून आत बघत राहिला. मग घरातून माशाच्या तेलाचा दिवा आणून तो आत उतरला.

दिवा वर धरल्यावर त्याला जे दिसलं त्यानं तो मोठ्यानं हसला. मधून सरळ वाट होती आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना उभ्या फरश्या रोवून गाळे पाडले होते, एकापुढं एक, शेवटपर्यंत. खाली मेंढरांची आणि पाखरांची हाडं पडली होती. भिंती अशा रचल्या होत्या की सुरीचं पातं जाणार नाही. जमीन कोरडी ठणठणीत, आणि वारा नाही. आमचे गोठे असेच असतात. लाकूड नाही म्हणून दोन गायींच्या मध्ये उभी फरशी रोवायची, ही आमच्या बापजाद्यांची रीत. दुसऱ्या देशातला माणूस ते बघून काय म्हणाला असता कोण जाणे, आमच्या माणसाला तिथं गोठाच दिसणार.

"आई!" भोकातून डोकं काढून तो ओरडला. "धनीबिनी काही नाही! गोठा आहे, गोठा! आपल्यापेक्षा झकास बांधलाय!"

ओस्ला शाल घट्ट आवळून खाली उभी होती. तिनं विचारलं, "गोठा आहे तर दार कुठंय?"

"त्या टोकाला. बुजवलंय."

"आतून का बाहेरून?"

अँड्रोनं आत वाकून बघितलं. "बाहेरून."

"दार बाहेरून बुजवून जनावरं कोण बांधतं रे गोठ्यात?"

तो भोकात अर्धा उभा, तोंडावर गारा झेलत राहिला. मेरन तोवर मागून आली होती. तिनं पोर सासूच्या हातात दिली आणि पहार उचलली.

"आई, हिला धरा," ती म्हणाली. "दार कुणी का बुजवलेलं असेना. मी मोकळं करते."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून वरचं भोक झाकलं आणि टोकाचे दगड काढले. मेरनची बोटं फुटली. हातांना चिंध्या बांधून ती दगड ओढत होती. फ्लेकी दाराशी थोडी थबकली, आत हुंगलं, आणि मग आपण होऊन पहिल्याच गाळ्यात जाऊन उभी राहिली. एखाद्या जनावराला आपली जागा सापडावी तशी. अँड्रो बायकोकडं बघून हसला. बऱ्याच दिवसांत तो एवढा हसला नव्हता, आणि मेरनलाही बरं वाटलं.

काही दिवस खरंच बरे गेले. मेरन ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून समुद्री शेवाळ पाठीवर आणायची, माळावरचं वाळलेलं झुडूप कापून आणायची, आणि फ्लेकी ते नाखुशीनं का होईना चघळायची. आत तिच्या श्वासानं ऊब धरायची. घरातल्यापेक्षा तिथंच बरं, म्हणून मेरन पोरीलाही शालीत गुंडाळून तिथं आणून बसायची.

खाली अंथरायला म्हणून ती एकदा शेवटच्या गाळ्यातली माती खरवडायला गेली. तिथं भिंतीला लागून दगडाचा बुटका ओटा होता. ओट्यावर भिंतीकडे पाठ करून नुसत्या हाडाची डोकी मांडली होती. माणसांची. ओळीनं, नीट, जशी आपण फडताळात भांडी लावतो. एक अगदी लहान होतं. मेरननं त्यावर नुसता हात धरून बघितला. इंगाचं डोकं तिच्या तळव्यात जेवढं मावायचं तेवढंच ते होतं.

ती मागं सरली. तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. गोणपाट आणून तिनं ओट्यावर पसरलं, कडेनं दगड ठेवले, आणि खुरपं घेऊन अलीकडच्या गाळ्यातली माती खरवडायला लागली. अँड्रोला काही सांगितलं नाही. त्याला कळलं असतं तर त्यानं गाय बाहेर काढली असती. ती बाहेर निघाली असती तर मेली असती. घरात नवं मढं बघण्यापेक्षा जुन्या मढ्यांशेजारी राहणं मेरननं पत्करलं, असं तिचं तिनंच नंतर सांगितलं.

ओस्ला टेकाडात पाऊल टाकत नव्हती. पण रोज संध्याकाळी पेज वाढली की आपला वाडगा घेऊन बाहेर पडायची. टेकाडाच्या माथ्यावर ठेवायची आणि बोलायची, "पोरगं अडाणी आहे. तुझ्या घरात गाय घुसवली. रागावू नकोस. हे घे."

मेरनला पहिल्या दिवशी संताप आला. घरात पीठ एवढंसं राहिलेलं, आणि म्हातारी ते दगडाला खाऊ घालते! ओस्ला घरात गेल्यावर ती माथ्यावर चढली, वाडगा उचलला आणि पेज फ्लेकीपुढं धरली. फ्लेकीनं वाडगा चाटून पुसून साफ केला. मेरननं तो परत माथ्यावर ठेवला. सकाळी ओस्ला रिकामा वाडगा घेऊन आली.

"घेतो," ती म्हणाली. "अजून घेतो आपल्या हातचं."

मेरन मान खाली घालून चूल फुंकत राहिली. मग हे रोजचंच झालं. म्हातारी दिवसाला भाकरीचा तुकडा आणि कोमट पाणी यावर होती, हे मेरनला दिसत होतं. पण गायीच्या पोटात पेज जात होती हेही दिसत होतं. तिनं काय करावं सांगा.

मार्च निम्मा झाला आणि एका सकाळी फ्लेकी उठली नाही.

आमच्याकडं याला उचलणीचे दिवस म्हणतात. हिवाळ्याच्या शेवटी उपाशी जनावर एकदा बसलं की त्याच्या पायांत उठायचं बळ राहत नाही. उठवलं तर दिवसभर उभं राहतं, चार घास खातं. नाही उठवलं तर पडल्या जागी मरतं. म्हणून सकाळी हाक आली की माणसं जातात, पोटाखाली गोणपाट घालतात, दोन्हीकडून धरतात आणि उचलतात. सहाजण तरी लागतात. शेजाऱ्याशी बांधावरून डोकी फुटलेली असली तरी उचलणीला नाही म्हणायचं नाही. कारण उद्या आपली बसते.

अँड्रो पळत गेला. रॉबी आला, त्याच्याबरोबर चारजण आले. चिखलातून बूट ओढत येणारी माणसं मेरनला टेकाडाच्या तोंडातून दिसली आणि तिनं फ्लेकीच्या पोटाखाली गोणपाट सारायला सुरुवात केली. बूट तोंडाशी येऊन थांबले.

"काय रे?" अँड्रोनं विचारलं.

"गाय बाहेर आण, उचलतो," रॉबी म्हणाला.

"बाहेर आणायला ती उभी राहायला हवी ना, रॉबी!"

"मग जशी आत नेलीस तशी आण."

"चालत गेली ती आत!"

रॉबी दुसरीकडं बघत राहिला. बाकीच्यांनी टोप्या कानांवर ओढल्या. "माझा भाऊ एका फरशीपायी गेला," रॉबी म्हणाला. "तू तर धन्याचं दारच फोडलंस. आत जो पाय ठेवील त्याच्या घरावर येणार हे. माझी पोरं होडीवर असतात, अँड्रो."

अँड्रोनं त्याची बाही धरली. मोठा आडदांड माणूस, पण लहान मुलासारखी बाही धरून ओढायला लागला. "पोरीसाठी, रॉबी. गायीसाठी नको, पोरीसाठी चल."

रॉबीनं बाही सोडवून घेतली. हळूच सोडवली, तेवढी माया त्यानं दाखवली. मग ती माणसं आली तशी परत गेली. वाटेत एकजण टेकाडाकडं वळून थुंकला, तेही मेरनला दिसलं.

त्यानंतर आत नुसता गायीचा श्वास ऐकू येत होता. अँड्रो गोणपाटाचं एक टोक धरून उभा, मेरन दुसरं. दोघांनी ओढलं. फ्लेकी हललीही नाही. परत ओढलं. अँड्रो गुडघ्यांवर बसला आणि गायीच्या मानेवर कपाळ टेकलं.

"सरक बाजूला," मागून आवाज आला.

ओस्ला आत आली होती. पन्नास वर्षं जिथं चीक ओतला तिथं ती पहिल्यांदाच आत आली होती. तिनं कुणाकडं बघितलं नाही, गाळ्यांच्या ओळीकडं बघत सरळ शेवटापर्यंत गेली. ओट्यावरच्या गोणपाटाचं एक टोक घसरलं होतं. ती तिथं उभी राहिली. मेरनला वाटलं, आता ही ओरडणार.

"तुला ठाऊक होतं?" ओस्लानं विचारलं.

"हो."

"ह्याला?"

"नाही."

अँड्रो उठून आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "आई, मी... मला वाटलं गोठा..."

"गोठाच वाटणार तुला, दुसरं काय येतं तुला!" ओस्ला म्हणाली, पण रागानं नाही. ती वाकून लहान डोक्याकडं बघत होती. "ह्यांनाही कुणीतरी उचलूनच आणलं असेल इथं. आपण होऊन कोण येतंय." तिनं गोणपाट नीट केलं. "चला. ती मरेल अशानं."

म्हातारी गायीच्या मागच्या बाजूला बसली, आपली पाठ तिच्या पुठ्ठ्याखाली घातली आणि पाय भिंतीला रोवले. मेरन आणि अँड्रोनं गोणपाट ओढलं. ओस्लाच्या तोंडातून असा आवाज निघाला की मेरनला वाटलं गायच हंबरली. फ्लेकीचं मागचं अंग वर आलं. मग पुढचे गुडघे. मग ती उभी राहिली, थरथरत, आणि ओस्ला खालीच बसून राहिली.

दुसऱ्या सकाळी परत तेच. तिसऱ्या सकाळी परत. चौथ्या सकाळी फ्लेकी उभी राहिली, पण ओस्लाच उठली नाही. तिच्या कमरेत काहीतरी मोडलं होतं आणि छातीत घरघर सुरू झाली होती. अँड्रोनं तिला घरी नेऊन लाकडी पेटीसारख्या तिच्या झोपायच्या कोनाड्यात ठेवलं. मेरन पेज घेऊन आली, तर तिनं वाडगा हातानं बाजूला केला.

"गायीला दे."

"आई, तुम्ही खा."

"रोज देतेस ना? मग आज का लाजतेस?"

मेरननं वाडगा खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"धनी वाडगा चाटत नाही गं, पोरी. कडेला गायीची लाळ असायची." ओस्ला हसायला गेली आणि खोकली. "मला वाटलं, तुला देते म्हटलं तर तू घेणार नाहीस. त्याला देते म्हटलं तर तू चोरशील."

मेरन कोनाड्याच्या कडेला बसून हुंदके देऊन रडली. सासूशी तिचं कधी फारसं पटलं नव्हतं. दोघी हट्टी, दोघींना चूल आपली वाटायची. आता तिला काय बोलावं सुचेना. म्हातारीनं तिला रडू दिलं, मग तिचं मनगट धरलं.

"ऐक. मला टेकाडात ने. फ्लेकीच्या शेजारच्या गाळ्यात."

"का?"

"ऊब आहे तिथं." जरा थांबून ती म्हणाली, "आणि मी मेले की मला न्यायला माणसं येतील."

मेरनला समजायला थोडा वेळ लागला. आमच्याकडं रीत आहे. घरच्यांनी आपल्या माणसाचं प्रेत उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं. पहिला हात शेजाऱ्यांचा. ज्यानं मेलेल्याला उचलायला नकार दिला त्याला स्वतःला न्यायला कुणी येत नाही, असं म्हणतात, आणि आजवर कुणी नकार दिलेला ऐकिवात नाही.

"गाय नाही उचलली त्यांनी," ओस्ला म्हणाली. "मला उचलावंच लागेल. आत आले की आधी गाय उचलून घे. लाजू नकोस. माझ्याआधी गाय."

अँड्रो ऐकेना. जिवंत आईला मढ्यांत नेऊन ठेवू का, म्हणून त्यानं भिंतीवर मूठ मारली. पण ओस्लानं त्याला जवळ बोलावून कानात काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यानं तिला शालीत गुंडाळून पाठीवर घेतलं आणि गारांतून टेकाडात नेलं. फ्लेकी पुन्हा बसली होती, आणि आता दोघांना ती उचलेना. ओस्लाला शेजारच्या गाळ्यात झुडपाच्या अंथरुणावर ठेवलं, तेव्हा तिनं उभ्या फरशीच्या कडेनं हात पलीकडं टाकला आणि गायीच्या पाठीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ओस्ला गेली. हात तिथंच होता.

अँड्रोनं तिचा झोपायचा कोनाडा मोडून त्याच्या फळ्यांची शवपेटी केली. घरातलं शेवटचं लाकूड त्यात गेलं. मग तो निरोप द्यायला गेला, आणि सकाळी काळे कोट घालून माणसं आली. चांगली दहा-बाराजण. ओस्ला बेटावर सगळ्यांची मावशी होती, निम्म्यांच्या जन्माला तिचा हात लागला होता. रॉबी पुढं होता. घरात पेटी न दिसल्यावर त्यानं विचारलं, "मावशी कुठंय?"

अँड्रोनं टेकाडाकडं बोट दाखवलं.

माणसं तोंडाशी जाऊन उभी राहिली. रिकामी पेटी बाहेर गवतावर होती. आत, गाळ्याच्या तोंडाशी, मेरन पोर काखेला घेऊन उभी होती.

"मेरन, बाहेर आणा तिला," रॉबी म्हणाला. "पेटीत आम्ही ठेवतो."

"घरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं."

"हे काय घर आहे?"

"ती इथं मेली. तिचं घर इथंच."

पोर कुरकुरली, त्याला रडणंही म्हणवत नव्हतं. रॉबीनं मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं. सगळे बुटांकडं बघत होते. ओस्लामावशीला तिथंच टाकून जायचं, तर बेटावर तोंड कसं दाखवायचं; आणि आत जायचं, तर होडीवरच्या पोरांचं काय. वारा त्यांचे काळे कोट ओढत होता. शेवटी रॉबीनं टोपी काढली, खिशात कोंबली आणि वाकून आत आला. त्याच्यामागं एकेकजण वाकला.

ते ओस्लाच्या गाळ्याकडं वळले तेव्हा मेरन आडवी आली.

"आधी ही," ती म्हणाली.

"मेरन, मेलेल्या माणसापुढं..."

"तिनंच सांगितलंय. तिच्याआधी गाय."

रॉबीनं फरशीपलीकडं बघितलं. म्हातारीचा हात अजून गायीच्या पाठीवर होता. मेरननं तो हलवला नव्हता. तो हात उचलल्याशिवाय गाय उचलता येत नव्हती, आणि पहिला हात शेजाऱ्यांचा. रॉबीनं तो उचलला, तिच्या छातीवर ठेवला, आणि काळ्या कोटाच्या बाह्या वर सारल्या.

"गोणपाट कुठंय?" त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं. "बघत काय राहिलात, रे? धरा!"

एवढ्या हातांना फ्लेकी जड नव्हती. ती उभी राहिली. तिचे पाय लटपटले तेव्हा दोघांनी दोन्हीकडून खांदे लावून धरून ठेवलं, तिचं पोट चाचपून बघितलं. "वासरू हलतंय," एकजण हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

मग त्यांनी ओस्लाला उचललं. उचलताना रॉबी थबकला, कारण त्यानं जेवढा जोर लावला होता त्याच्या निम्माही लागला नाही. त्यानं मेरनकडं बघितलं. मेरननं नजर चुकवली नाही.

"काय खात होती मावशी?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मेरन म्हणाली. "गाय खात होती."

आमच्या बायका दफनभूमीपर्यंत जात नाहीत. माणसं पेटी खांद्यावर घेऊन किनाऱ्याच्या वाटेनं गेली. मेरन मागं राहिली, पोर शालीत बांधून, एक खांदा फ्लेकीच्या बरगडीला लावून. गाय कलली की ती कलायची. दुपारभर दोघी अशाच टेकून उभ्या होत्या. शेजारच्या गाळ्यात झुडपाचं अंथरूण दबलेलं होतं, आणि शेवटच्या ओट्यावर गोणपाट.

गवत यायला अजून महिना होता. पीठ दहा-बारा दिवसांचं. पोरीचे डोळे खोल गेले होते आणि ती आता रडतही नव्हती. म्हातारी एक वेळ जिंकून गेली होती, पण गाय रोज सकाळी बसणार होती. मेरनला हे सगळं समजत होतं.

संध्याकाळी तिनं पेज वाढली. तीन वाडगे भरले गेले. अँड्रो तिसऱ्या वाडग्याकडं बघत बसला, त्यानं आपला उचललाच नाही. मेरननं म्हातारीचा वाडगा घेतला आणि बाहेर पडली. टेकाडाच्या माथ्यावर ती चढली नाही. सरळ आत गेली आणि वाडगा फ्लेकीपुढं धरला.

सकाळी फ्लेकी बसलेली होती. अँड्रो हाक द्यायला निघाला नव्हता. कुणाला द्यावी हे त्याला समजत नव्हतं. दोघं गोणपाट सारत होते, तेवढ्यात चिखलातून बूट ओढल्याचा आवाज आला. तोंडाशी बूट थांबले. मेरनचे हात जागच्या जागी राहिले.

"मेरन," बाहेरून रॉबीचा आवाज आला. "आत येऊ का?"